वेब डेव्हलपर आहे, लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आतून समजून घ्यायचाय. सुरुवात कुठून करू?

कल्याणकर_सी

नमस्कार मंडळी. मुंबई विद्यापीठातून आयटीत बीई केलं, आता अंधेरीला एका कंपनीत जावा बॅकएंडवर आहे. रोज कल्याणहून ये-जा.

प्रश्नाचं निमित्त सांगतो. आमच्या एका सर्व्हरवर मध्यरात्री जावाची सर्व्हिस अचानक गायब झाली. सकाळी डीमेसेज (कर्नलचा लॉग) पाहिलं तर ओओएम किलरची, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या कोडची, नोंद. वर लिहिलं होतं की क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) ओओएम किलरला बोलावलं, आणि खाली लिहिलं होतं की मारली गेली ती जावाची प्रोसेस. सीनिअरनी मशीनची रॅम वाढवली आणि तिकीट बंद केलं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. क्रॉनचा इथे काय संबंध? तो कोणाला कसं काय मारायला सांगू शकतो? आणि मारायचं कोणाला हे ठरवलं कोणी?

उत्तर शोधायला लिनक्सचा सोर्स उतरवला आणि कर्नल नावाच्या फोल्डरपासून वाचायला घेतलं. शेड्युलरच्या (कुठली प्रोसेस कधी चालणार ते ठरवणारा भाग) फाइलमध्ये एका मॅक्रोतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. कॉलेजात ओएस विषय होता, राउंड रॉबिनची गणितं सोडवली, बँकर्स अल्गोरिदम पाठ केला. इथे त्यातलं काहीच ओळखू येत नाही.

सी येतं, पण पॉइंटरचे पॉइंटर आले की वेग मंदावतो. लॅपटॉप ८ जीबीचा. ट्रेनमध्ये वेळ भरपूर, पण सकाळच्या लोकलमध्ये लॅपटॉप उघडायचा प्रश्नच नाही. कुठून सुरू करू, आणि काय वाचू नको, दोन्ही सांगा.

---

रात्रपाळी

मित्रा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला एक ओओएम स्कोअर असतो. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली ओओएम-स्कोअर नावाची फाइल आहे, आत्ता कॅट करून बघ. मुख्यतः जिने जास्त मेमरी धरून ठेवलीय तिचा स्कोअर जास्त, त्यामुळे जावावाल्यांचा नंबर बहुतेक वेळा पहिला लागतो. शेजारीच ओओएम-स्कोअर-ॲडजस्ट अशी दुसरी फाइल आहे. तिच्यात उणे १००० पासून १००० पर्यंत आकडा देता येतो. उणे १००० दिला की त्या प्रोसेसला हात लावायचा नाही.

मी सर्व्हर सांभाळतो, कर्नल लिहीत नाही. पण माझा सल्ला असा की सोर्सकडे जाण्याआधी बाहेरून बघायला शीक. एस-ट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारं टूल) लावून साधी एलएस कमांड चालव आणि सगळ्या ओळी वाच. कुठली फाइल उघडली, किती बाइट वाचले, मेमरी कुठे मॅप केली, सगळं दिसतं. तुझ्या जावा सर्व्हिसला पण लावून बघ, फ्युटेक्सचा (थ्रेडच्या लॉकसाठीचा कॉल) पाऊस दिसेल. प्रॉडक्शनवर मात्र नको, एस-ट्रेसने प्रोसेस बरीच मंदावते.

---

पॅनिक_नको

रात्रपाळी यांनी सांगितलंय ते बरोबर आहे. पण तुझा खरा प्रश्न क्रॉनचा आहे, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर कळलं की कर्नलचं अर्धं कोडं सुटतं, म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते.

आधी मी कोण ते. मुलुंडला राहते. राउटर, सेट-टॉप बॉक्स अशा वस्तूंचे बोर्ड येतात, त्यांच्यावर लिनक्स उठवायचं काम बरीच वर्षं करतेय. नवीन मुलं-मुली टीममध्ये आली की त्यांना सुरुवातीला मीच बसवते.

जवळजवळ सगळ्यांच्या मनात कर्नलचं एक ठरलेलं चित्र असतं. मागे कुठेतरी एक मोठा प्रोग्राम सतत चालू आहे, तो सगळ्या प्रोसेसवर नजर ठेवतो, आपण त्याला विनंती पाठवतो आणि तो उत्तर पाठवतो. थोडक्यात, तुझ्या बॅकएंडसारखा एक सर्व्हर. हे चित्र डोक्यात असेल तर सोर्स कितीही वाच, जुळणार नाही, कारण तू त्याच्यात मुख्य लूप शोधत राहशील आणि तो सापडणार नाही.

होतं असं की तुझी प्रोसेस स्वतःच कर्नलमध्ये शिरते. सिस्टिम कॉल (कर्नलकडून काम करून घ्यायची हाक) केला की त्याच सीपीयूवर, त्याच प्रोसेसच्या नावाने, कर्नलचा कोड चालायला लागतो. बदलतात त्या मोजक्या गोष्टी: अधिकाराची पातळी, स्टॅक, आणि काही ठिकाणी पेज टेबल (प्रोसेसचे पत्ते खऱ्या मेमरीला जोडणारा तक्ता). काम झालं की तीच प्रोसेस बाहेर येऊन पुढची ओळ चालवते. कर्नलचे स्वतःचे थ्रेडही असतात. पीएसच्या यादीत चौकोनी कंसात दिसणारे केस्वॅपडी वगैरे तेच. पण कर्नलमधलं बरंचसं काम कुठल्या ना कुठल्या प्रोसेसच्या खात्यावर चालतं, नाहीतर कुठलातरी इंटरप्ट (हार्डवेअरने दिलेली हाक) आला म्हणून.

आता क्रॉन घे. त्या रात्री मशीनची मेमरी काठोकाठ भरली होती. क्रॉनला नेमकं त्याच वेळी मेमरीचं एखादं पान (पेज) हवं झालं. पान मागायला तो कर्नलमध्ये शिरला. पान देणाऱ्या फंक्शनने इकडून तिकडून मेमरी मोकळी करायचा प्रयत्न केला, काही हाती लागलं नाही, आणि त्याच फंक्शनच्या पोटातून ओओएम किलरचा कोड सुरू झाला. तेव्हा त्या सीपीयूवर चालू प्रोसेस होती क्रॉन, म्हणून लॉगमध्ये नाव क्रॉनचं. त्या कोडने स्कोअर पाहून बळी निवडला जावाचा. क्रॉनने कोणाला मारायला सांगितलं नाही, तो फक्त त्या क्षणी आत होता. एमएम फोल्डरमध्ये ओओएम-किल डॉट सी ही फाइल उघड. बॅडनेस नावाचं फंक्शन आहे, छोटंसं आहे, ते तुला आजच समजेल.

आता सुरुवात कुठून. लिनक्सपासून नको. १९९१ साली लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सने ०.०१ आवृत्ती सोडली तेव्हा ती साधारण दहा हजार ओळींची होती. आज तीन कोटींच्या वर ओळी आहेत आणि त्यात निम्म्याहून जास्त ड्रायव्हर आहेत. नवशिक्याने तिथे पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. एमआयटीत शिकवण्यासाठी २००६ च्या सुमारास लिहिलेली एक्सव्ही६ नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेली. आता ती रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी आहे आणि क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरने मशीन उभं करणारा एम्युलेटर) चालते. तिचा कर्नल दहा हजार ओळींच्या आत आहे, सोबतची पुस्तिका मोफत आहे. एमआयटीची प्रयोगांची पानंही खुली आहेत. तुझा ८ जीबीचा लॅपटॉप पुरून उरतो, कारण एक्सव्ही६ ला क्यूईएमयू १२८ एमबी रॅम देतं आणि तेवढ्यात सगळं चालतं.

पण एक्सव्ही६ सुद्धा पुस्तकासारखी पहिल्या फाइलपासून वाचू नकोस. एकच रस्ता धर आणि तो शेवटपर्यंत चाल. मी सगळ्यांना हाच रस्ता देते: शेल सुरू झाल्यावर स्क्रीनवर डॉलरचं चिन्ह येतं ना, ते राइट या सिस्टिम कॉलने येतं. त्या डॉलरच्या मागे जा.

एका टर्मिनलवर मेक क्यूईएमयू-जीडीबी, दुसऱ्यावर जीडीबी-मल्टिआर्च (डीबगर). सीपीयू एकच ठेव, नाहीतर तीन सीपीयूंच्या गर्दीत गोंधळ होतो. शेलमधल्या राइटच्या इकॉल या इन्स्ट्रक्शनवर (हीच कर्नलमध्ये नेते) ब्रेकपॉइंट लाव. तिथे थांबलास की रजिस्टर बघ. ए७ मध्ये १६ दिसेल, तो राइटचा नंबर. ए० मध्ये फाइल डिस्क्रिप्टर, ए१ मध्ये बफरचा पत्ता, ए२ मध्ये लांबी. मग एस-आय देऊन एकच इन्स्ट्रक्शन पुढे जा.

इथे जरा थांब, कारण या एका पावलात जेवढं शिकायला मिळतं तेवढं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. इकॉल करतं फार थोडं. परतीचा पत्ता एसईपीसी रजिस्टरमध्ये ठेवतं, आत येण्याचं कारण एसकॉज रजिस्टरमध्ये लिहितं, अधिकाराची पातळी वाढवतं, इंटरप्ट बंद करतं आणि एसटीव्हेकमध्ये दिलेल्या पत्त्यावर उडी मारतं. बस. पेज टेबल अजून शेलचंच आहे. रजिस्टरमध्ये अजून शेलच्याच किमती आहेत. कर्नलचा स्टॅकही अजून लागलेला नाही. म्हणजे कर्नलच्या पहिल्या काही इन्स्ट्रक्शन परक्या घरात चालतात, आणि त्यांना एकही रजिस्टर न सांडता सगळी रजिस्टर ट्रॅपफ्रेम नावाच्या पानात नीट लावून ठेवायची असतात. ते काम ट्रॅम्पोलिन डॉट एस या असेंब्ली फाइलमध्ये आहे. ती फाइल ओळ न् ओळ समजेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

त्यानंतरचा रस्ता सीमध्ये आहे आणि सोपा आहे. युजरट्रॅप फंक्शन एसकॉज बघतं. ८ असेल तर सिस्टिम कॉल. मग ठेवलेल्या परतीच्या पत्त्यात ४ मिळवतं. का, ते स्वतः शोध असं मी सहसा सांगते, पण तुला सांगून टाकते: इकॉल चार बाइटांचं आहे, आणि पत्ता पुढे सरकवला नाही तर परत गेल्यावर तेच इकॉल पुन्हा चालेल. पुढे सिस्कॉल फंक्शन ए७ मधला नंबर घेऊन फंक्शन पॉइंटरच्या ॲरेत बघतं आणि सिस-राइटला बोलावतं. शेवटी कन्सोल, यूएआरटी (सीरियल पोर्टची चिप) आणि डॉलर. तू जावावाला आहेस, त्या ॲरेकडे बघून तुला तुझा राउटिंगचा कोड आठवेल.

हा रस्ता पाठ झाला की दोन गोष्टी शिल्लक राहतात. पहिली, टायमर. कोणी सिस्टिम कॉल केलाच नाही तर? एखादी प्रोसेस नुसती लूपमध्ये फिरत असेल तर टायमरचा इंटरप्ट तिला कर्नलमध्ये ओढतो, तोही त्याच ट्रॅम्पोलिनमधून. मग यील्ड (सीपीयू सोडून देणारं फंक्शन), आणि शेवटी स्विच नावाचं असेंब्ली फंक्शन. ते १४ रजिस्टर साठवतं आणि दुसरी १४ भरतं. एवढीच का? कारण ते सीमधून बोलावलेलं साधं फंक्शन आहे, बाकीची हवी ती रजिस्टर कंपायलरने आधीच स्टॅकवर ठेवलेली असतात. या फंक्शनात शिरतो एका थ्रेडच्या स्टॅकवर आणि रिटर्न होतो दुसऱ्याच्या. कॉलेजात राउंड रॉबिनचे तक्ते काढले त्यांच्या मुळाशी हे एवढंसं आहे.

दुसरी, पेज फॉल्ट, म्हणजे पानाला हात लावता आला नाही की प्रोसेसर कर्नलमध्ये नेतो ते. एमआयटीच्या प्रयोगांत फोर्कसाठी (प्रोसेसची नक्कल काढणारा सिस्टिम कॉल) कॉपी-ऑन-राइट लिहायचा प्रयोग आहे. फोर्क करताना पानांची नक्कल करायची नाही, दोघांना तीच पानं फक्त वाचायला द्यायची, आणि कोणी लिहायला गेलं की फॉल्ट येतो, तेव्हा नक्कल करायची. त्या फॉल्टला एसकॉजमध्ये १५ असतो. प्रत्येक पान किती जण वापरतायत याची मोजणी तुला ठेवावी लागते आणि ती चुकली की पान दुसऱ्याच्या हातात असताना मोकळं होतं. हा एक प्रयोग स्वतःच्या हाताने, कुठेही तयार उत्तर न बघता पूर्ण केलास तर मुलाखतीत मेमरीवर कोणीही काहीही विचारू दे.

आणि लोकलसाठी: ट्रॅम्पोलिन, ट्रॅप, सिस्कॉल, स्विच आणि प्रॉक, या पाच फाइलींची प्रिंट काढ, स्टेशनबाहेरचा कुठलाही झेरॉक्सवाला काढून देईल. पेन्सिलीने बाजूला लिही: या ओळीला कुठलं पेज टेबल, कुठला स्टॅक, इंटरप्ट चालू की बंद. प्रत्येक ओळीला हे तीन प्रश्न. मी फोनवर कोड वाचायला कोणालाच सांगत नाही, स्क्रोल करताना वरची ओळ हातातून निसटते.

---

टॅब_आठचा

पॅनिक_नको यांच्या सल्ल्यात थोडी भर, थोडा विरोध. एक्सव्ही६ उत्तम, पण तिथेच अडकून पडणारे पुष्कळ आहेत. बाजूला लिनक्सही चालू ठेव. डिफॉल्ट कॉन्फिगवर बिल्ड कर, क्यूईएमयूमध्ये बूट कर, स्वतःची एक प्रिंट-केची (कर्नलच्या लॉगमध्ये छापणारं फंक्शन) ओळ घालून डीमेसेजमध्ये बघ. एका सुट्टीच्या दिवसात होतं.

आणि पॅच (कोडमधला बदल) पाठवायची भीती काढून टाक. ड्रायव्हर्स फोल्डरच्या आत स्टेजिंग आहे, तिथे नवशिक्यांचे पॅच येतातच. चेकपॅच स्क्रिप्ट चालव, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने कोणाला पाठवायचं ते काढ, गिट सेंड-ईमेलने पाठव. ब्राउझरमधून मेल चिकटवू नकोस, टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागत नाही. लिनक्स फाउंडेशनची कर्नलमधले बग सुधारायची मेंटॉरशिपही असते, तिच्यावर लक्ष ठेव.

---

पॅनिक_नको

बिल्ड करून बूट करण्याबद्दल पूर्ण सहमत. स्टेजिंगबद्दल नाही. स्पेस आणि स्पेलिंगचे पॅच पाठवून पद्धत कळते, कर्नल कळत नाही. एक पाठव, मेलची सवय होऊ दे, मग थांब. त्यापेक्षा सिझबॉटने (कर्नलमधले बग आपोआप शोधणारी यंत्रणा) कळवलेला एखादा जुना बग घे. त्याच्यासोबत अनेकदा बग परत घडवून आणणारा छोटा सी प्रोग्राम दिलेला असतो. बग सुटला नाही तरी तो का घडतो हे शोधताना जे वाचशील ते कायमचं राहील.

एक्सव्ही६ मधून लिनक्सकडे यायचा पूलही सांगते. तोच राइटचा रस्ता लिनक्समध्ये शोध. एफएस फोल्डरमधली रीड-राइट डॉट सी, तिथून व्हीएफएस-राइट. एफ-ट्रेसचा (कर्नलमधलंच ट्रेसिंगचं टूल) फंक्शन ग्राफ लावलास तर आतली सगळी फंक्शनं, कोणी कोणाला बोलावलं, किती वेळ लागला, हे आयतं समोर येतं. आणि एक्स८६ चा (इंटेल-एएमडी प्रोसेसर) दरवाजा बघ, एंट्री-६४ डॉट एस. पूर्वी लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलातच कर्नलही मॅप केलेला असायचा, त्यामुळे आत शिरताना टेबल बदलावं लागत नसे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन (प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष) जाहीर झालं आणि ज्या प्रोसेसरना धोका होता त्यांच्यासाठी दोन टेबलं वेगळी करावी लागली. म्हणजे एक्सव्ही६ च्या ट्रॅम्पोलिनमध्ये जे बघशील त्याच जातीची कसरत तुझ्या सर्व्हरवरही चालू असू शकते.

---

कल्याणकर_सी

ताई, क्रॉनचं उत्तर वाचून खरंच डोक्यातला गुंता सुटला. ओओएम-किल डॉट सी मधलं बॅडनेस फंक्शन वाचलं, समजलं! आमच्या सीनिअरनाही दाखवलं, आता सर्व्हरवर त्या ॲडजस्टच्या फाइलीचं काय करायचं यावर चर्चा चालू आहे.

एक्सव्ही६ उतरवली. प्रिंट काढल्या, डॉकयार्ड रोडला काम होतं त्या दिवशी जाता-येता ट्रॅम्पोलिन वाचली. आता अडलोय. इकॉलवर थांबतो, ए७ मध्ये १६ दिसतो, एस-आय दिलं की एकदम खूप मोठ्या पत्त्यावर जातो आणि जीडीबी फंक्शनचं नावच दाखवत नाही, दोन प्रश्नचिन्हं येतात. युजरव्हेकवर (ट्रॅम्पोलिनमधली आत शिरायची जागा) नावाने ब्रेकपॉइंट लावला तर तो लागतच नाही. माझ्या सेटअपमध्ये काही गडबड आहे का?

दुसरं, पुढे हार्डवेअर घ्यायचं झालं तर काय घेऊ?

---

पॅनिक_नको

सेटअप ठीक आहे. तू बरोब्बर जागी पोचलायस.

ट्रॅम्पोलिनचा कोड कर्नलच्या बाकीच्या कोडबरोबर लिंक होतो, त्यामुळे जीडीबीला त्याचा तिथला पत्ता माहीत आहे. पण तेच भौतिक पान प्रत्येक पेज टेबलात व्हर्च्युअल पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकालाही मॅप केलंय आणि चालतं ते तिथून. त्या पत्त्याला जीडीबीकडे नाव नाही. म्हणून ब्रेकपॉइंट नावाने नको, एस-आय नंतर जो मोठा पत्ता दिसतो तोच तारांकन लावून दे. ओळी बघायला एक्स-स्लॅश-आय देऊन पीसीपासूनच्या इन्स्ट्रक्शन छाप.

हार्डवेअरची घाई नको. घ्यायचंच झालं तर बोर्डाआधी लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-टीटीएल सीरियल मॉड्यूल आण, ३.३ व्होल्टचं आहे हे नीट विचारून घे, ५ व्होल्टने बोर्डाची पिन जाऊ शकते. कर्नल बूट होता होता पडला तर स्क्रीनवर काही येत नाही, सीरियलवर मात्र शेवटची ओळ सापडते. रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन, कुठलाही चालेल.

आता पुढचं पाऊल. क्यूईएमयूच्या टर्मिनलवर कंट्रोल-ए आणि मग सी दाब, मॉनिटर उघडेल. तिथे इन्फो मेम दे. शेलची थोडी पानं दिसतील आणि सगळ्यात वर दोन पानं: ट्रॅपफ्रेम आणि ट्रॅम्पोलिन. त्या दोघांवर यू (युजर) हा फ्लॅग नाही बघ, म्हणून शेलच्या टेबलात असूनही शेल त्यांना हात लावू शकत नाही. मग एस-आय देत एसएटीपी (चालू पेज टेबल ठरवणाऱ्या) रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या पलीकडे जा आणि पुन्हा इन्फो मेम दे. यादी पूर्ण बदललेली असेल, फक्त ट्रॅम्पोलिनचं पान त्याच पत्त्यावर असेल. पायाखालचं टेबल बदलूनही पुढची इन्स्ट्रक्शन सापडते ती त्यामुळेच. दोन्ही याद्या इथे टाक, मग ट्रॅपफ्रेमच्या पानाचं काय झालं ते बघू.